नॅरोबोट बांधताय? जे झाकलं जाणार, त्याचा हिशेब आधी मांडा

मी मूळची मिरजेची, पेशाने हिशेबनीस. नवरा कोव्हेंट्रीच्या एका टूलरूममध्ये फिटर. आमच्या ५७ फुटी नॅरोबोटीचं, म्हणजे इंग्लंडच्या कालव्यांवर राहायच्या अरुंद बोटीचं, लोखंड-लाकूड त्याने बघितलं आणि वही मी सांभाळली. आता ओळखीतलं कोणी कालव्यावर राहायचा विचार करू लागलं की पहिला प्रश्न येतो, "शेल कितीला मिळाली?" शेलचा, म्हणजे बोटीच्या रिकाम्या लोखंडी कवचाचा, भाव कोणीही फोनवर सांगेल हो. कंबर मोडते ती त्यानंतरच्या खर्चात. आमच्या वहीत शेल-इंजिनाच्या निम्म्याहून जास्त जागा बाकीच्या किरकोळ वाटणाऱ्या नोंदींनी खाल्ली आहे.

पैसे वाटायचा आमचा नियम साधा होता. आतून लाकडी अस्तर लागलं की जे दिसेनासं होतं, तिथे हात आखडायचा नाही. जे डोळ्यांसमोर राहतं ते स्वस्तात करायचं, नाहीतर मागाहून. स्वयंपाकघराचा ओटा तीन वर्षांनीही बदलता येतो. अस्तरामागची वायर बदलायची तर अर्धी बोट उचकटावी लागते.

आधी माप ठरवा. रुंदी तुमच्या हातात नाही, ती ६ फूट १० इंच. जेम्स ब्रिंडली या कालवे बांधणाऱ्या इंजिनिअरने अठराव्या शतकात ट्रेंट अँड मर्सी कालव्याची लॉक, म्हणजे बोटीला वरखाली नेणाऱ्या पाण्याच्या दारबंद कोठड्या, जेमतेम ७ फूट रुंद ठेवली, मिडलंड्समधल्या (इंग्लंडच्या मधल्या भागातल्या) बाकीच्या कालव्यांनी तेच माप उचललं आणि आपण अजून त्या मापात झोपतो. लांबी ७० फुटांपर्यंत नेता येते, पण यॉर्कशायरमधल्या कॅल्डर अँड हेबल जलमार्गाची लॉक आखूड आहेत. ५७ फुटांची बोट जवळपास सगळीकडे जाते, आणि विकायची वेळ आली तर तिला गिऱ्हाईकही लवकर मिळतं. ऐसपैस जागेच्या मोहाने कोणी १० किंवा १२ फूट रुंदीची वाइडबीम सुचवतील. घ्या खुशाल, पण मग मिडलंड्समधली अरुंद लॉक तुम्हाला बंद झाली.

पत्र्याची जाडी १०-६-४ अशी सांगतात: तळाला १० मिमी, हलच्या, म्हणजे पाण्यात बसणाऱ्या खालच्या भागाच्या, बाजूंना ६, केबिनला आणि छताला ४. कोणी तळाला ८ देऊन पैसे वाचवतो म्हणाला तर नको म्हणा. इंजिनाबरोबर स्किन टँकचं माप विचारा. यात कालव्याचं गढूळ पाणी इंजिनात घेत नाहीत. इंजिनाचं पाणी हलला आतून जोडलेल्या एका चपट्या टाकीतून फिरतं आणि बाहेरचा थंड कालवा ते निववतो. दर ४ अश्वशक्तीमागे १ चौरस फूट थंड पत्रा हवा, हा इथला जुना ठोकताळा. आमचं इंजिन ३८ अश्वशक्तीचं, म्हणजे साडेनऊ चौरस फूट. टाकी छोटी असेल तर कालव्यावर कळणारही नाही, पण नदीला प्रवाहाविरुद्ध जाताना इंजिन तापेल.

ऑर्डर देताना करार लेखी करा. पैसे टप्प्याटप्प्याने जातात: जागा अडवायला, पत्रा आल्यावर, हल उभी राहिल्यावर, इंजिन बसल्यावर. प्रत्येक हप्त्याबरोबर तोवर झालेल्या कामाची आणि आणलेल्या मालाची मालकी तुमच्याकडे येते, असं कलम त्यात हवंच. ते नसलं आणि बोटयार्ड बुडालं तर अर्धवट हल घेणेकरी घेऊन जातील आणि तुम्ही त्यांच्या रांगेत शेवटी उभे राहाल. ब्रिटिश मरीन या व्यावसायिक संघटनेचा नमुना करार आहे, त्यावरच सही मागा. सांगितलेला भाव २० टक्के व्हॅट धरून की सोडून, हेही त्याच बैठकीत विचारा. ७० हजारांवर २० टक्के म्हणजे १४ हजार पौंड.

आता भोकांची यादी, म्हणजे छताला आणि बाजूंना पडणाऱ्या सगळ्या भोकांची. ही मी नवऱ्याकडून जबरदस्तीने कागदावर उतरवून घेतली. स्टोव्हच्या धुराड्याचं कडं, हवेसाठी छतावरचे मशरूम व्हेंट, सिंकच्या आणि शॉवरच्या पाण्याची वाट, बिल्ज पंपाचं (तळाशी साचलेलं पाणी उपसणाऱ्या पंपाचं) तोंड, पाण्याच्या टाकीचा श्वासमार्ग, सोलरची वायर आत घ्यायची जागा, पॅनेल टेकवायचे ब्रॅकेट. सगळं वेल्डिंग थंडी अडवणारा स्प्रे फोम आतून मारायच्या आधी उरकायला हवं. पॉलियुरेथेन फोमवर वेल्डिंगची ठिणगी म्हणजे आग आणि विषारी धूर. फोमनंतर एक ब्रॅकेट जोडायचा तरी आतून मोठा चौकोन खरवडून काढावा लागतो. म्हणून बोटीचा आराखडा ऑर्डरच्या आधी पक्का करा, सिंक कुठे येणार ते इंचासकट. नळकामाची सगळी तोंडं पाण्याच्या रेषेच्या चांगली वर ठेवा, बोट कलली तरी वर राहतील इतकी.

फोम आम्ही ४० मिमी घेतला. पॉलिस्टायरीनच्या पाट्या बसवल्या तर बरेच पैसे वाचतात, पण पाटी आणि पत्रा यांच्यामध्ये फट राहते, फटीत श्वासाचं आणि स्वयंपाकाचं बाष्प थंड पत्र्यावर निवतं आणि लोखंड आतून गंजतं. शिवाय पॉलिस्टायरीनला टेकलेल्या पीव्हीसी वायरीचं आवरण कालांतराने कडक होऊन तडकतं. फोमला हा त्रास कमी, तरी वायरी आम्ही नळ्यांतूनच नेल्या. पुढे एखादी वायर वाढवायची झाली तर अस्तर न काढता ओढता येते.

वायरिंग हा माझ्या मते बोटीतला सर्वांत कमी लेखला जाणारा खर्च. घरच्या २३० व्होल्टच्या सवयीने लोक बारीक वायर घेतात. बोटीत १२ व्होल्ट असतात आणि जाऊन-येऊन अंतर दुप्पट धरायचं. समजा फ्रिज बॅटऱ्यांपासून १२ मीटरवर आहे आणि ५ अँपिअर ओढतो. तांब्याची २.५ चौरस मिमीची वायर टाकली तर २४ मीटरांत जवळजवळ ०.९ व्होल्ट गळतात. बॅटरी थोडी उतरली की फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरूच होत नाही आणि लोक बिचाऱ्या फ्रिजला दोष देतात. तीच वायर १० चौरस मिमीची असेल तर गळती ०.२ व्होल्टच्या आसपास. आमच्याकडे फ्रिजला १० आणि पाण्याच्या पंपाला ६ आहे. बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज हवा. आणि मरीनातल्या, म्हणजे बोटी लावायच्या तळावरच्या, विजेला जोडणार असाल तर गॅल्व्हॅनिक आयसोलेटर घ्याच. अर्थिंगच्या वायरीतला गंजवणारा प्रवाह तो अडवतो. शेजाऱ्यांच्या बोटी आणि तुमची बोट अर्थिंगच्या वायरीने जोडल्या गेल्या की तुमचे ॲनोड (हलऐवजी स्वतः झिजणारे धातूचे तुकडे) झपाट्याने झिजतात, आणि ते संपले की पाळी तुमच्या हलची.

इन्व्हर्टर निवडताना मात्र आमच्या घरचा प्रश्न वेगळा होता. इंग्रज शेजाऱ्यांना केटल चालली की पुरतं. मला खोबऱ्याचं वाटण लागतं. ७५० वॅटचा मिक्सर १२ व्होल्टवर ७० अँपिअर खातो, सुरू होताना त्याहून जास्त, म्हणून ३ किलोवॅटचा शुद्ध साइन इन्व्हर्टर घेतला आणि तो बॅटरीला चिकटून बसवला. मिक्सर दोन मिनिटांच्या वर चालत नाही, त्यामुळे बॅटऱ्या काही रडत नाहीत. कुकरच्या शिट्ट्यांची वाफ हे निराळं प्रकरण. ओट्याच्या बरोबर वर एक व्हेंट घेतलाच होता. तो नसता तर फोडणीचा वास शनिवारपर्यंत पांघरुणात राहिला असता.

तळाला बॅलास्ट, म्हणजे बोट स्थिर ठेवायचं वजन, येतो, बहुतेक इंजिनिअरिंग ब्रिक नावाच्या टणक विटा. बोटयार्डाला सांगून त्या सैल ठेवून घ्या. आतलं काम पुरं झाल्याशिवाय बोट किती कलते ते कळत नाही: स्टोव्ह एका बाजूला, बॅटऱ्या दुसऱ्या, आणि पुढच्या टोकाला ५०० लिटर पाणी म्हणजे अर्धा टन. या आकाराची बोट साधारण पाऊण टनाला एक इंच बसते. टाकी रिकामी झाली की नाक वर येतं आणि शॉवरचं पाणी निचऱ्याकडे न जाता कोपऱ्यात तुंबतं. म्हणून शॉवरचा तळ बसवण्याआधी टाकी अर्धी भरून बघा. अशाच कारणाने पाण्यावर असताना स्पिरिट लेव्हल पेटीतच ठेवा. कोणी पुढून चालत गेलं तरी बुडबुडा सरकतो. सगळी मापं बोटीच्या फरशीपासून गुण्याने घ्यायची. केबिनच्या भिंती वर जाताना आत झुकलेल्या असतात, त्यामुळे तयार कपाटं सरळ बसतच नाहीत, प्रत्येकाची पाठ कापावी लागते. सुताराचे जादा दिवस बजेटात धरा, किंवा फिटर नवरा करा.

गॅसचं काम स्वतः करू नका. बोटीत कायम राहणार असाल तर गॅस सेफ (ब्रिटनमधली गॅस कारागिरांची अधिकृत यादी) नोंदणी असलेला माणूस लागतो, आणि त्याच्याकडे बोटींवर काम करायची पात्रता असावी लागते. गॅस हवेपेक्षा जड, गळला तर तळाशी साचतो, म्हणून सिलिंडरच्या कप्प्याचा निचरा थेट बाहेर हवा. सिलिंडर प्रोपेनचा घ्या. ब्यूटेन ऐन थंडीत सिलिंडरमधून वर येईनासा होतो. कार्बन मोनॉक्साइडचे अलार्म २०१९ पासून बोट सेफ्टी स्कीमच्या तपासणीत सक्तीचे आहेत. जळणाच्या स्टोव्हसाठी जी काळजी घ्याल ती इन्सुलेटेड धुराडं आणि भिंतीपासूनच्या अंतराची घ्या. टाइल्स हव्या तेवढ्या स्वस्त चालतील.

आता वही. हे आमचे २०२३ चे आकडे आहेत, सगळे पौंडात, व्हॅटसह. शेल, इंजिन, खिडक्या, फोम आणि बॅलास्ट मिळून म्हणजे ज्याला सेलअवे म्हणतात ते ७८ हजार. वायरिंग, बॅटऱ्या आणि सोलर ९ हजार. नळकाम, गॅस आणि गरम करण्याची व्यवस्था साडेसहा. प्लायवूड, बॅटन, फरशी ७. स्वयंपाकघर आणि न्हाणी साडेचार, यातलं सिंक कोणाच्या तरी घराच्या नूतनीकरणातून आलं. रंग ८ हजार, आणि मी त्यावर भांडले होते. पण रंगाखाली गंज बसला तर छताचा पत्रा जातो, तेव्हा तोही झाकल्या जाणाऱ्या खात्यातच पडला. लॉरी आणि क्रेन १,८००. काम चालू असताना यार्डातली जागा आणि वीज ४,२००. हा आकडा बहुतेकांच्या बजेटात नसतोच, आणि काम लांबलं की तो दर महिन्याला वाढतो. विमा आणि परवाना १,७००. हत्यारं २ हजार. सेलअवे सोडून बेरीज ४४,७००. त्यावर १५ टक्के, म्हणजे ६,७०० च्या आसपास, वेगळ्या खात्यात ठेवलेले. आमचे ते जवळपास सगळे लागले. मजुरी यात नाही, कारण फुकट होती. ती बाहेरून घेणार असाल तर मूळ बेरजेचा विचार पुन्हा करा.

एक कागदी गोष्ट. स्वतःच्या वापरासाठी स्वतः बांधलेल्या बोटीला रिक्रिएशनल क्राफ्ट, म्हणजे हौशी बोटींच्या सुरक्षेच्या, नियमांतून सूट मिळते, पण पाच वर्षांच्या आत विकली तर नाही. सेलअवे घेणाऱ्यांनी बोटयार्डाकडून अर्धवट बोटीचं जाहीरपत्र आणि हलचा ओळख क्रमांक मागून ठेवावा. पुढे कागद शोधत बसण्यापेक्षा शेवटचा हप्ता त्यांच्या बदल्यातच द्या.

बोट पाण्यावर आली की वर्षाचा खर्च सुरू होतो. कालवे सांभाळणाऱ्या कॅनल अँड रिव्हर ट्रस्टचा परवाना आमच्या लांबीला वर्षाला हजार पौंडांच्या वर आहे. कायमची जागा न घेता फिरत राहणाऱ्यांवर, म्हणजे एका ठिकाणी १४ दिवसांपेक्षा जास्त न थांबणाऱ्यांवर, एप्रिल २०२४ पासून अधिभार लागला आहे. तो ५ टक्क्यांपासून सुरू झाला आणि २०२८ पर्यंत २५ वर जाणार. मूरिंगचं (बोट बांधून ठेवायच्या जागेचं) भाडं वाचतं म्हणून फिरती बोट फुकट पडते, असं समजू नका. बोट सेफ्टीचा दाखला दर चार वर्षांनी. डिझेल लाल, म्हणजे कमी कराचं म्हणून रंगवलेलं, मिळतं. बोट चालवण्यासाठी वापरता त्या भागावर पूर्ण कर, गरम करण्यासाठीच्या भागावर कमी, आणि कोणता हिस्सा किती हे तुम्ही जाहीर करता. बहुतेक ठिकाणी ६० : ४० चं गणित मान्य असतं. हिवाळ्यात आमचा स्टोव्ह डिझेलपेक्षा जास्त पैसे खातो, म्हणून त्या खात्याला कोळशाची स्वतंत्र ओळ ठेवा.

शेवटी हल. दोन-तीन वर्षांनी बोट बाहेर काढून डांबरी काळा रंग देतात, त्याला ब्लॅकिंग म्हणतात. दोन भागांचा इपॉक्सी महाग पडतो, पण जास्त टिकतो. तो नव्या हलला आधीच दिला तर उत्तम, कारण डांबरावर तो बसत नाही. कालव्याच्या गोड्या पाण्यात ॲनोड मॅग्नेशियमचे लागतात, त्यांची झीज त्याच वेळी मापून घ्या. ड्राय डॉकच्या, म्हणजे बोट कोरडी उभी करायच्या जागेच्या, उन्हाळ्यातल्या तारखा लवकर भरतात, तेव्हा जागेचं आगाऊ भाडं त्याच वर्षीच्या हिशेबात टाका.