नाव माझंच आहे, मोबदल्याचं बोला

कुडाळच्या अलीकडे हायवेला एक मोठा फलक लागला होता. त्यावर रापणीचा, म्हणजे किनाऱ्यावरून दोराने जाळं ओढून करायच्या मासेमारीचा फोटो. पहाटेचं जांभळट पाणी, दोरावर एका रांगेत वाकलेली माणसं, पुढच्याच्या कमरेला गुंडाळलेला दोर, पाठीला चिकटलेली ओली वाळू. तो फोटो मी मालवणात, दांडीच्या किनाऱ्यावर काढला होता. रांगेतले तिसरे माझे बाबा. फलकावर एका पर्यटन कंपनीचं नाव होतं, फोन नंबर होता, पॅकेजचा दर होता. माझं नाव कुठेच नव्हतं.

कॅमेरा घेऊन मला तेव्हा दीडच वर्ष झालं होतं. कंपनीच्या माणसाने फोन केला, फोटोचं तोंडभरून कौतुक केलं आणि म्हणाला, "बजेट नाही मॅडम, पण तुमचं नाव देऊ, मुंबई-पुण्यापर्यंत पोचाल." मी त्याच रात्री मोठी फाईल मेल करून टाकली. किती दिवसांसाठी, कशासाठी, काहीच विचारलं नाही. फलक बघून फोन केला तर उत्तर मिळालं, "नाव डिझाइनमध्ये बसत नव्हतं."

त्याहून जास्त लागलं ते किनाऱ्यावर. रापणीतल्या एका काकांनी विचारलं, "आमचो फोटो हायवेवर लागलो म्हणे. तुका किती गावले?" मी काहीच बोलू शकले नाही. बाबा तेवढ्यापुरते गप्प बसले. संध्याकाळी घरी म्हणाले, "रापणीत ओढणाऱ्याक वाटो, होडयेक वाटो, जाळ्याक पण वाटो आसता. तुझ्या कॅमेऱ्याक वाटो कसो नाय?"

ज्यांनी रापण बघितली नाही त्यांना सांगते. जाळं किनाऱ्याला आलं की बांगडे, तारल्या, पेडवे वाळूवर ओततात आणि वाटे घालतात. माणसाचा वाटा वेगळा, जाळ्याचा वेगळा, होडीचा वेगळा. कारण जाळं फाटतं, होडी कुजते, ती पुन्हा उभी करायची तर कुणीतरी खर्च करायला लागतो. येता-जाता दोराला हात लावलेल्या माणसालासुद्धा चार मासे दिल्याशिवाय पाठवत नाहीत. "तू दोर ओढ, आम्ही गावात तुझं नाव सांगू," असं तिथे कुणी कुणाला म्हणत नाही.

कोकणात नव्याने फोटोग्राफीच्या धंद्यात येणाऱ्या मुलामुलींना मला पहिल्यांदा हेच सांगायचं आहे. फोटोखाली नाव देणं हा मोबदला नाही. ते तुमचं आधीपासूनच आहे. भारताच्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात फोटो काढणारी व्यक्ती हीच त्या फोटोची कर्ती धरलेली आहे, आणि कलम 57 प्रमाणे कर्ता म्हणून ओळखलं जाण्याचा हक्क फोटोचे बाकीचे हक्क विकून टाकल्यावरही तुमच्याकडेच राहतो. म्हणजे "नाव देऊ" म्हणणारा माणूस तुमचीच वस्तू तुम्हाला पगार म्हणून देऊ करतो आहे. हे मला 2016 साली माहीत असतं तर त्या फोनवर मी वेगळं बोलले असते.

कायद्यातली आणखी एक गोष्ट नव्या लोकांना कुणी सांगत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते. कुणी पैसे देऊन, आपल्या सांगण्यावरून फोटो काढून घेतला आणि वेगळा करार केलेला नसेल, तर कलम 17 प्रमाणे त्या फोटोचा पहिला मालक तो पैसे देणारा ठरतो. स्वतःहून काढलेल्या फोटोचे मालक मात्र तुम्ही. म्हणून पैसे घेऊन शूट करताना तर कागद जास्तच हवा. "फोटोंचे हक्क छायाचित्रकाराकडे राहतील, ग्राहकाला अमुक वापराची परवानगी दोन वर्षांसाठी" एवढं एक वाक्य कोटेशनमध्ये असलं आणि समोरच्याने ते मान्य केलं की बरंच काही वाचतं. हक्क दुसऱ्याच्या नावे करायचे असतील तर ते लेखी आणि सहीनिशीच द्यावे लागतात. त्या कागदात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. हक्क मिळण्यासाठी नोंदणीची गरज नाही, फोटो काढला त्या क्षणी ते निर्माण होतात. तुमच्या हयातीनंतरही 60 वर्षं टिकतात. कॉलेजच्या पोरीने मोबाइलवर काढलेल्या फोटोलाही हेच लागू. "नेटवर होता, म्हणून घेतला" याला काही अर्थ नाही.

पुरावा म्हणून रॉ फाईल, म्हणजे कॅमेऱ्यातली मूळ फाईल, जिवापाड जपा, ती कुणाला देऊ नका. नमुने दाखवायचे तर लहान आकारात, वॉटरमार्क घालून दाखवा. व्हॉट्सअॅपवर साधा फोटो म्हणून पाठवलात की त्यातली तुमच्या नावाची माहिती निघून जाते, त्यामुळे अंतिम फाईल मेलने किंवा डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

आता दराचं. आपल्याकडे सगळ्यात जास्त मागणी होमस्टेवाल्यांकडून येते. तारकर्ली, देवबाग, वेंगुर्ला, गुहागर, कुठेही जा. ही माणसं वाईट नसतात, बहुतेक वेळा ओळखीतलीच असतात, आणि म्हणूनच नाही म्हणणं जड जातं. देवबागच्या एका काकांनी मला सांगितलं, "दोन रात्री रवाक देतव, जेवाक देतव, पेजवर नाव पण घालतव. आणि काय व्हया?" त्यांच्या दृष्टीने ते मन मोठं करूनच बोलत होते. पण माझं घर तिथून अर्ध्या तासावर आहे, माझी आई सुरमई करते. मला त्या दोन रात्रींचं काय करायचं?

त्यांच्याशी मी वाद घातला नाही, वहीत हिशोब मांडून दाखवला. कॅमेरा आणि दोन लेन्स मिळून 2,40,000 रुपये. खाऱ्या वाऱ्यात चार वर्षं नीट चालले तर देवाची कृपा, म्हणजे वर्षाला 60,000. लॅपटॉपचे वर्षाला 20,000. हार्ड डिस्क, सॉफ्टवेअर, दुरुस्ती, पावसाळ्यात लेन्सला धरणारी बुरशी काढायला कोल्हापूरच्या फेऱ्या, हे सगळं 25,000. झाले 1,05,000. आपला सीझन ऑक्टोबर ते मे, त्यात मला पैशाचे साधारण 70 दिवस मिळतात. म्हणजे कॅमेरा बॅगेतून बाहेर काढायच्या आधीच दिवसाला 1,500 रुपये गेलेले असतात. यात पेट्रोल नाही, माझी मेहनत नाही, एक दिवसाच्या शूटमागे एडिटिंगला जाणारे दोन दिवस नाहीत. बाबा म्हणतात तो जाळ्याचा वाटा हाच.

मग काकांचा हिशोब मांडला. सीझनमध्ये त्यांची खोली 3,000 रुपयांना जाते. मी अर्ध्या दिवसाचे 9,000 सांगितले होते, म्हणजे एका खोलीच्या तीन रात्री. चांगल्या फोटोंमुळे दोन वर्षांत तीन रात्री जास्तीच्या भरणार नाहीत का? काका वही बघत बसले. आठवड्याने फोन आला. 8,000 वर ठरलं, निम्मे आधी. पुढच्या वर्षी त्यांनी भावाच्या होमस्टेचं कामही मलाच दिलं. दर त्यांनीच आधी सांगून ठेवला होता, मला बोलावंच लागलं नाही.

प्रत्येक जण असा समजून घेत नाही. काही जण रागावतात, काही दुसऱ्याकडे जातात. जाऊ द्या. फुकट करून दिलेल्या कामातून मला जी पुढची कामं आली, ती सगळी फुकटचीच होती. "तिने अमक्याला असेच दिले होते" ही ओळख एकदा तयार झाली की ती पुसायला दोन सीझन लागतात. हा माझा अनुभव आहे आणि माझ्यानंतर आलेल्या तिघा-चौघांचाही.

फोनवर ऐन वेळी शब्द सुचत नाहीत, म्हणून मी एक मजकूर मोबाइलमध्ये सेव्ह करून ठेवला आहे. हवा तर जसाच्या तसा घ्या: "नमस्कार. माझं काम आवडलं हे वाचून आनंद झाला. व्यावसायिक वापरासाठी मी फोटो मानधन घेऊनच देते. फोटो कुठे, किती आकारात आणि किती काळ वापरायचा आहे ते कळवाल का? त्याप्रमाणे लगेच कोटेशन पाठवते. फोटोखाली माझं नाव असणं अपेक्षित आहेच." शेवटचं वाक्य गाळू नका. आणि माफी मागू नका. "सॉरी, पण" ने सुरुवात केली की समोरचा घासाघीस करायला मोकळा होतो.

स्पर्धांच्या बाबतीत सावध राहा. "कोकण टिपा, बक्षीस जिंका" अशा जाहिराती दर दिवाळीत येतात. नियमांच्या तळाशी बघा. आलेल्या सगळ्या फोटोंचे हक्क आयोजकांकडे जातील असं लिहिलेलं असेल, तर तिथे एका बक्षिसाच्या किमतीत शेकडो फोटो गोळा होत असतात. जिंकलेल्या फोटोचा मर्यादित वापर, नावासकट, इतकंच मागणारी स्पर्धा असेल तर जरूर भाग घ्या.

फुकट कधीच द्यायचं नाही का? मी देते, आणि मनापासून देते. 16 मे 2021 ला तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्यावरून गेलं. मालवणात वीज नव्हती, होड्या एकमेकींवर चढल्या होत्या, पत्रे उडून माडांत अडकले होते. पंचनाम्यासाठी लोकांना फोटो हवे होते. पुढचे तीन दिवस मी किनाऱ्यावर फिरत होते, प्रत्येक होडीचा नंबर स्पष्ट येईल असा एक फोटो, तुटलेल्या भागाचा जवळून एक, मालकासकट एक. बॅटरी एका ओळखीच्यांच्या जनरेटरवर चार्ज करायची आणि परत निघायचं. एक रुपया घेतला नाही, घ्यायचं मनातही आलं नाही. ते माझे लोक होते.

त्याच दिवसांत एका वृत्तवाहिनीतून फोन आला. आडव्या झालेल्या होडीचा व्हिडिओ हवा होता. पैशांचं विचारलं तर समोरचा म्हणाला, "आमचं चॅनल किती लोक बघतात माहीत आहे ना?" मी त्यांना नाही म्हटलं. तिथे बसलेल्या प्रत्येकाला त्या दिवसाचा पगार मिळणार होता. जाहिराती चालू होत्या. फक्त किनाऱ्यावर चिखलात उभ्या असलेल्या माणसाने नावावर समाधान मानायचं, हे मला पटलं नाही, आजही पटत नाही.

कुणाला द्यायचं आणि कुणाला नाही हे मी या दोन अनुभवांवरून शिकले. समोरच्याकडे खरंच पैसे नाहीत आणि काम मला आपलं वाटतं, तर मी स्वतःहून देते. दशावतारातल्या कलाकारांचे रंग चढवतानाचे फोटो मी प्रिंट काढून त्यांच्या घरी पोचवते. कासवांच्या घरट्यांची राखण करणाऱ्या पोरांना देते. शाळेला देते. तेव्हाही बिल करते. त्यात पूर्ण रक्कम लिहायची आणि खाली तेवढीच सवलत दाखवायची. शाळेच्या मुख्याध्यापक बाईंनी ते बिल बघून मला सांगितलं, "एवढ्याचं काम होतं हे कळलंच नव्हतं." पुढच्या वेळी त्यांनीच एका पालकाला माझ्याकडे पाठवलं आणि पैसे द्यावे लागतील हेही सांगून पाठवलं.

फोटोत दिसणाऱ्या माणसांनाही विसरू नका. त्या फलकानंतर मी ठरवलं, रापणीचा कुठलाही फोटो विकला गेला की त्यातला वाटा रापणीत जातो. आणि जाहिरातीसाठी चेहरा दिसणार असेल तर आधी विचारते. आपल्याला जे गोड लागत नाही ते आपण दुसऱ्याच्या पानात वाढू नये.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. ॲडव्हान्स घेतल्याशिवाय तारीख धरू नका. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी करा, ती ऑनलाइन होते आणि मोफत आहे. सूक्ष्म उद्योग म्हणून नोंद असली की लहान उद्योगांसाठीच्या 2006 च्या कायद्याप्रमाणे कंपन्यांना तुमचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात, उशीर झाला तर व्याजासकट. बिलाच्या खाली ही एक ओळ छापल्यापासून माझे पैसे वेळेवर यायला लागले. महिन्यातून एकदा आपले चार-पाच गाजलेले फोटो गूगल लेन्सवर (फोटोवरून नेटवर शोध घेणारी सोय) टाकून बघा, कोण कुठे वापरतंय ते दिसतं. सापडलं तर चिडून कमेंट करू नका. स्क्रीनशॉट घ्या, तारीख लिहा, मग रीतसर बिल पाठवा. हायवेच्या त्या कंपनीला मी असंच बिल पाठवलं होतं, रॉ फाईलच्या पुराव्यासकट. तीन वेळा फोन करावा लागला, दोन महिने गेले, पण 8,000 आले. त्यातला वाटा रापणीत दिला तेव्हा "तुका किती गावले" विचारणाऱ्या त्याच काकांनी नोटा मोजल्या नाहीत, नुसत्या कपाळाला लावून खिशात ठेवल्या.

गेल्या महिन्यात आचऱ्याच्या एका मुलीने मला तिचं पहिलं कोटेशन तपासायला पाठवलं. एका छोट्या रिसॉर्टचं काम, 4,500 रुपये. खाली तिने लिहिलं होतं, "जमत नसेल तर कमी करू." ती ओळ मी काढायला लावली आणि त्या जागी वापराची मुदत लिहायला सांगितली. चार दिवस काहीच उत्तर नव्हतं. पोरगी रोज रात्री मला मेसेज करायची, "ताई, करू का कमी?" मी रोज थांब म्हणायचे. पाचव्या दिवशी त्यांनी 4,000 विचारले, ती हो म्हणाली. काल तिचा 2,000 चा ॲडव्हान्स जमा झाला.