एफएसएचे पैसे बुडू न देता कसे वापरायचे

अमेरिकेत नोकरदारांना औषधपाण्याच्या खर्चासाठी कंपनीमार्फत एफएसए नावाचं खातं काढता येतं. त्यात पहिल्या वर्षी आमचे ३८४ डॉलर बुडाले. ह्यांच्या पगारातून दर दोन आठवड्यांनी कापले जात होते, आम्ही वेळेत वापरले नाहीत, म्हणून गेले. सांगलीला बाबांना फोनवर सांगितलं तर त्यांच्या पचनीच पडेना. "अगं, पगार आपला, मग पैसे परत का देत नाहीत?" एलआयसीत जन्म घालवलेल्या माणसाला हे समजावताना माझी दमछाक झाली. तेव्हापासून न्यू जर्सीतल्या एडिसनच्या आमच्या घरात हे खातं माझ्याकडे आहे. गेल्या महिन्यात भाचा डॅलसला नोकरीला लागला आणि त्याने फॉर्म भरताना मला फोन केला. त्याला जे सांगितलं तेच इथे लिहिते.

एफएसए म्हणजे फ्लेक्सिबल स्पेंडिंग अकाउंट. साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, ओपन एनरोलमेंटच्या (कंपनीच्या सोयी निवडायच्या मुदतीच्या) वेळी, पुढच्या वर्षासाठी एक आकडा सांगायचा. तेवढे पैसे वर्षभर थोडे थोडे पगारातून, कर लागायच्या आधी, कापले जातात आणि दवाखाना, औषधं, दात, चष्मा यांवर वापरता येतात. २०२६ साठी कमाल मर्यादा ३,४०० डॉलर आहे, २०२५ ला ३,३०० होती. नवरा-बायको दोघं नोकरी करत असतील आणि दोघांच्याही कंपनीत सोय असेल, तर प्रत्येकाला आपापली वेगळी मर्यादा.

फायदा किती? आम्ही २,६०० ठेवतो, म्हणजे २६ पगारांत प्रत्येकी १०० कापले जातात. आमचा वरचा पगार केंद्राच्या आयकराच्या २२ टक्क्यांच्या टप्प्यात येतो, शिवाय सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर या पगारातून कापल्या जाणाऱ्या करांचे ७.६५ टक्के वाचतात. मिळून साधारण ७७० डॉलर. न्यू जर्सीकरांनी एक लक्षात ठेवा: आपलं राज्य ही सूट मानत नाही. म्हणून डब्ल्यू-टूवर (कंपनी देते त्या वर्षाच्या पगार-कराच्या कागदावर) राज्याच्या रकान्यात पगार जास्त दिसतो. पहिल्या वर्षी मी पेरोलवाल्यांना "तुमची चूक झाली आहे" असा तावातावाने ईमेल लिहिला होता. चूक माझीच होती.

आता खरं काम, आकडा ठरवणं. अंदाजपंचे लिहू नका. इन्शुरन्सच्या पोर्टलवर जाऊन मागच्या वर्षी खिशातून किती गेले ते उतरवून काढा. मग वहीत दोन रकाने करा: "होणारच" आणि "होईल बहुतेक". ह्यांच्या बीपीच्या गोळ्या, माझे कॉन्टॅक्ट लेन्स, थोरलीच्या ब्रेसेसचे हप्ते, ठरलेल्या अपॉइंटमेंटचे कोपे (दर भेटीला आपण भरायची ठरावीक रक्कम) हे पहिल्या रकान्यात. "यंदा अक्कलदाढ काढूनच टाकू" हे दुसऱ्या. आकडा फक्त पहिल्या रकान्याचा. आमचे ३८४ ह्यांच्या त्या दाढेपायीच गेले. ती अजून तोंडातच आहे.

फॉर्म भरायच्या आधी एचआरला विचारा की वर्षाअखेरीस उरलेल्या पैशांचं काय होतं. काही कंपन्या ठरावीक रक्कम पुढच्या वर्षात नेऊ देतात (२०२६ मधून जास्तीत जास्त ६८०), काही मार्चच्या मध्यापर्यंत, म्हणजे अडीच महिने, जादा देतात, आणि काही यातलं काहीच देत नाहीत. दोन्ही सवलती एकत्र कधीच नसतात. हेही विचारा की जुन्या वर्षाचे क्लेम कुठल्या तारखेपर्यंत घालता येतात. आमच्याकडे ३१ मार्च. वर्ष सुरू झालं की आकडा सहसा बदलता येत नाही. लग्न झालं, मूल झालं, अशा वेळीच बदलतो, आणि तोही थोड्या दिवसांच्या मुदतीत कळवला तर.

एचएसए (हेल्थ सेव्हिंग्ज अकाउंट, औषधपाण्यासाठीचं वेगळं बचत खातं) असलेल्यांनी इथे थांबा. नवराबायकोपैकी एकाचाही साधा एफएसए असेल तर एचएसएमध्ये पैसे भरता येत नाहीत. त्यांच्यासाठी फक्त दात आणि डोळ्यांचा, लिमिटेड पर्पज नावाचा एफएसए असतो.

या खात्याची सगळ्यात छान गोष्ट कुणी सांगतच नाही. पूर्ण रक्कम पहिल्या दिवसापासून वापरता येते. एका जानेवारीत ह्यांच्या दातावर कॅप बसवावी लागली, ११०० डॉलर. तोवर पगारातून कापले होते १००. एफएसएचं कार्ड घासलं, पैसे गेले. उरलेले वर्षभर कापले जात राहतात.

कार्ड चाललं म्हणजे काम संपलं असं मात्र नाही. महिन्याभराने एफएसए सांभाळणाऱ्या कंपनीचा ईमेल आला, "पुरावा पाठवा." मी काउंटरवर मिळालेली कार्डाची चिठ्ठी पाठवली. नामंजूर. मग डेंटिस्टच्या ऑफिसकडून स्टेटमेंट मागवलं, त्यावर नुसतं "मागील बाकी ११००". तेही नामंजूर. त्यांना पाच गोष्टी लागतात: पेशंटचं नाव, डॉक्टरचं किंवा दुकानाचं नाव, उपचाराची तारीख, काय केलं, आणि किती पैसे. पैसे कधी भरले याला महत्त्व नाही, उपचार कधी झाला याला आहे. डिसेंबरात उपचार आणि फेब्रुवारीत बिल, तर खर्च डिसेंबरच्या वर्षाचा. इन्शुरन्सकडून येणारा ईओबीचा (कुठल्या उपचाराचे किती पैसे त्यांनी दिले, किती आपले, हे सांगणारा) कागद पाठवला की बहुतेक वेळा प्रश्न मिटतो. फार्मसीच्या पावत्या गुळगुळीत कागदावर असतात, सहा महिन्यांत कोऱ्या होतात. दुकानाबाहेर, गाडीत बसल्या बसल्या फोटो काढा. पुरावा दिला नाही तर कार्ड बंद करतात.

कशावर चालतं? २०२० पासून टायलेनॉल, ॲलर्जीच्या गोळ्या अशा साध्या औषधांना डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही, आणि सॅनिटरी पॅडही चालतात. सनस्क्रीन, थर्मामीटर, लेन्सचं पाणी चालतं. टूथपेस्ट, ताकदीची व्हिटॅमिनं, दात पांढरे करून घेणं, इन्शुरन्सचा हप्ता चालत नाही. पटेल ब्रदर्समधला (इथल्या भारतीय किराणा दुकानातला) च्यवनप्राशही नाही, हे माझं विचारून झालं आहे.

आता आपल्या लोकांचे नेहमीचे दोन प्रश्न. पहिला, आई-बाबा सहा महिने येतात त्यांचा खर्च. व्हिजिटर व्हिसावर आलेल्या आई-बाबांच्या गोळ्या, चष्मा, डॉक्टर यांतलं काही सहसा बसत नाही, कारण कराच्या नियमांत ते तुमच्यावर अवलंबून असलेले धरले जात नाहीत. त्यांच्या प्रवासी विम्याचा हप्ता तर नाहीच नाही.

दुसरा, भारतात करून घेतलेलं चालतं का? चालतं. दोन वर्षांपूर्वी मी सांगलीत रूट कॅनॉल केलं. डॉक्टरांनी लेटरहेडवर निळ्या शाईने लिहून दिलं, "आरसीटी + कॅप, ९,५००". नाव नाही, तारीख नाही. मी म्हटलं, "डॉक्टर, माझं पूर्ण नाव, दोन्ही तारखा, कुठला दात आणि दोन्हीचे वेगवेगळे पैसे इंग्रजीत लिहून द्याल?" ते हसले, "अमेरिकेत दाताचाही सातबारा लागतो का?" पण दिलं लिहून, शिक्क्यासकट. पैसे अर्थातच मी खिशातून भरले होते. परत आल्यावर त्या दिवसाच्या डॉलरच्या भावाचा प्रिंटआउट जोडून ऑनलाइन क्लेम टाकला, नऊ दिवसांत पैसे बँकेत. चष्मेही तिकडूनच करते. मात्र बॅगेत भरून आणलेली औषधं यात धरू नका. डॉक्टरांनी लिहून दिलेलं आणि तिकडेच घेऊन संपवलेलं औषध चालतं, तेही दोन्ही देशांत कायदेशीर असेल तर.

नोकरी सोडताना मात्र हिशेब आधी करा. तुम्ही कापलेल्यापेक्षा जास्त वापरले असतील तर कंपनी फरक मागू शकत नाही. उलट, उरलेले असतील तर ते कंपनीचे, आणि खातं बंद झाल्यानंतरचा खर्च साधारणपणे धरत नाहीत. ह्यांनी मागच्या वर्षी राजीनामा द्यायचं ठरवलं तेव्हा खात्यात ६४० बाकी होते. मी तोंडातून शब्द बाहेर काढू दिला नाही. आधी दोन्ही मुलांची डोळ्यांच्या डॉक्टरकडे वेळ घेतली, मग ह्यांना बॉसकडे जाऊ दिलं. धाकट्याला खरोखरच नंबर निघाला, पाऊण.