हिमालयन की केटीएम? कोकणात गाडी घेताना या चुका टाळा

खारदुंग ला चढणाऱ्या गाड्यांचे व्हिडिओ बघायचे, त्यावरून गाडी ठरवायची आणि मग ती वर्षानुवर्षं दापोली-गुहागर-मालवण फिरवायची. आमच्याकडे ‘रॉयल एनफिल्डची हिमालयन 450 की केटीएमची 390 एडव्हेंचर’ हा बाइकचा वाद बहुतेक असाच सुटतो. मीही त्यातलाच. अक्कल आली ती दाभोळच्या फेरीबोटीच्या जेटीवर.

ओहोटी होती. पाण्याखालून नुकताच उघडा पडलेला उतार शेवाळाने हिरवागार. मित्राची केटीएम मी चालवत होतो. पुढच्या रिक्षाने ब्रेक मारला, मीही थांबलो आणि पाय टेकायला गेलो तर उतरत्या बाजूला जमीनच लागेना. म्हैस बसते तशी गाडी सावकाश आडवी झाली. बोटीवरच्या दोघांनी उचलून दिली, वर “भाऊ, पाय पुरत नाय तर आणली कशाला?” हेही ऐकवलं.

तर पहिली चूक, सीटची उंची कागदावर बघणं. 2025 च्या 390 एडव्हेंचरची सीट 830 मिमी, हिमालयनची 825 (ती 845 करता येते). हा फरक नगण्य. शोरूमच्या गुळगुळीत फरशीवर दोन्ही गाड्यांवर पाय पोचतातच. टेस्ट राइडला गाडी उतारावर आडवी थांबवा आणि खालच्या बाजूचा पाय टेकून बघा. मग मागे कुणाला तरी बसवून पुन्हा बघा. वजनाचंही तसंच. हिमालयन 196 किलो, केटीएम 183. चालवताना हे 13 किलो विसरायला होतात. अंगणातून मागे ढकलत काढताना किंवा पडलेली उचलताना आठवतात.

दुसरी चूक पॉवरच्या आकड्याची. 46 पीएस विरुद्ध 40 पीएस म्हटलं की केटीएमवाले जिंकतात. पण कुंभार्ली घाटात, डबलसीट, पुढे एसटी, अशा वेळी टॉर्क, म्हणजे ओढायची ताकद, इंजिनाच्या किती फेऱ्यांना (आरपीएम) मिळतो ते बघा. हिमालयनचा 40 न्यूटन मीटर 5500 आरपीएमला येतो, केटीएमचा 39 यायला 6500 लागतात. म्हणजे तिचं इंजिन सतत जास्त आरपीएमला फिरवत ठेवावं लागतं. एकटे असाल तर त्यातच मजा आहे. मागे आई बसली असेल तर नाही.

17 लिटरची टाकी की साडेचौदाची, यावर भांडू नका. इथे तालुक्याच्या गावी पंप असतोच.

पावसाबाबत मात्र केटीएमला झुकतं माप द्यावं लागेल. तिला ट्रॅक्शन कंट्रोल (वेग देताना मागचं चाक घसरू न देणारं) आणि वळणातही काम करणारं एबीएस (ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारं) आहे. हिमालयनला ट्रॅक्शन कंट्रोल नाही. ओल्या जांभ्याच्या रस्त्यावर, वर झाडांचा पालापाचोळा पडलेला असताना, हे उपयोगी पडतं. कच्च्या रस्त्यासाठी मागचं एबीएस बंद केलं असेल, तर डांबरावर येताच चालू करा. बरेच जण हे विसरतात आणि मग टायरला दोष देतात.

सगळ्यात महाग पडणारी चूक चाकांची. बुकिंगच्या आधी एकच विचारा: ट्यूब आहे की ट्यूबलेस? हिमालयन आली तेव्हा ट्यूबची होती, ट्यूबलेस स्पोकची, म्हणजे तारांची, चाकं नंतर आली. ट्यूबलेस असेल तर खिळा काढा, भोकात पंक्चरची रबरी स्ट्रिप घाला, पंपाने हवा भरा आणि निघा. ट्यूब असेल तर मागचं चाकच खोलावं लागतं, आणि रविवारी दुपारी आडगावात ते करणारा माणूस जेवून झोपलेला असतो. तुमचं फिरणं बहुतेक डांबरावरच असेल तर 390 एडव्हेंचर एक्स बघा. तिला पुढे 19 इंची अलॉय, म्हणजे बिनतारांचं धातूचं चाक आहे. 21 इंची स्पोक दगडधोंड्यांसाठी छान, पण त्याच स्पोकना खारा वारा आधी लागतो.

खाऱ्या वाऱ्यापुढे दोन्ही कंपन्या सारख्याच. सकाळी ब्रेकच्या डिस्कवर तांबूस थर दिसला तर घाबरू नका, दोन-चार ब्रेक मारले की जातो. चेन खरखरायला लागली, कड्या अडकायला लागल्या, तर मात्र उशीर झालाय. किनाऱ्यावरून आलात की गोड्या पाण्याने धुवा, पण प्रेशर गन बेअरिंग आणि फोर्क सीलवर (पुढच्या शॉकॲब्सॉर्बरचं रबर) मारू नका. चेन सुकली की स्प्रे मारा. पावसाळ्यात स्प्रेसाठी नेहमीसारखी 500 किलोमीटरची वाट बघू नका. पेट्रोलने चेन धुवायची सवय मोडा, आतल्या रबरी रिंगा खराब होतात. आणि फोटोसाठी पुळणीवर गाडी घालू नका. वेळास-आंजर्ल्याकडे कासवं अंडी घालतात त्याच वाळूत, आणि गाडीही रुतते ती वेगळीच.

मी शेवटी हिमालयन घेतली, कमी उंचीची सीट लावून. मित्र केटीएमवरच खूश आहे. त्याची उंची सहा फूट.