रोमन अंक: ९९ म्हणजे आय-सी नव्हे

शिष्यवृत्तीच्या सरावात ९९ रोमनमध्ये लिहायला सांगितले की हटकून 'आय-सी' असे उत्तर येते. शंभरातून एक गेला, राहिले नव्व्याण्णव. हिशेब पटण्याजोगा आहे, म्हणूनच ही चूक हाताची सुटत नाही.

वजाबाकीच्या जोड्या फक्त सहा आहेत: आय-व्ही (४), आय-एक्स (९), एक्स-एल (४०), एक्स-सी (९०), सी-डी (४००) आणि सी-एम (९००). सातवी नाही. व्ही (५), एल (५०), डी (५००) तर कशातूनच वजा होत नाहीत, त्यामुळे ४५ ला 'व्ही-एल' लिहिणेही चूकच.

संख्या आधी स्थानांनुसार फोडावी आणि प्रत्येक तुकडा सुटा लिहावा. ९९ म्हणजे ९० + ९, म्हणून एक्स-सी आणि पुढे आय-एक्स. ४५ म्हणजे ४० + ५, म्हणून एक्स-एल-व्ही. १९९९ साठी एम, सी-एम, एक्स-सी, आय-एक्स. लांबलचक होते, होऊ द्या. ही फोड कच्च्या कामात लिहायचा ज्यांना कंटाळा येतो, त्यांच्याच वहीत १९९९ चे 'एम-आय-एम' सापडते. संगणकावरच्या एक्सेल प्रोग्रामचा दाखलाही देऊ नये. तिथे रोमन फंक्शनला दुसरा आकडा ४ दिला की ४९९ चे 'आय-डी' असे आखूड रूप मिळते, पण परीक्षेत सी-डी-एक्स-सी-आय-एक्स हेच लिहायचे.

वाचताना वेगळाच घोळ होतो. गेटवे ऑफ इंडियावरच्या लेखाच्या शेवटी एम-सी-एम-एक्स-आय असे साल कोरले आहे. घाईने एकेक अक्षर मिळवत गेले की १००० + १०० + १००० + १० + १, म्हणजे २१११! प्रत्येक अक्षर मोजण्याआधी पुढच्याकडे बघा. पुढचे मोठे असेल तर दोघांची जोडी एकदम घ्या: एम १०००, सी-एम ९००, एक्स १०, आय १. साल १९११. जोड्यांखाली पेन्सिलीने कंस काढायची सवय सगळ्यांत खात्रीची. ती लागेपर्यंत तोंडी वाचू नये.

साल बरोबर वाचूनही पुष्कळ जण 'गेटवे १९११ साली बांधले' असे लिहून मोकळे होतात. ते साल पाचवे जॉर्ज आणि राणी मेरी मुंबईत उतरल्याचे आहे. पायाभरणी १९१३ ची, काम पूर्ण झाले १९२४ मध्ये. आकड्याच्या आधीचे वाक्य वाचायलाच हवे. त्याच लेखात जॉर्जपुढे व्ही आहे, तो 'पाचवा' असा वाचायचा.

आय, एक्स, सी, एम लागोपाठ तीनदाच; व्ही, एल, डी एकदाच.

शून्याला चिन्ह नाही. २०५ लिहिताना दशकाची जागा सरळ सोडून द्या: सी-सी-व्ही.

घड्याळाच्या तबकडीवर चारला चार आय दिसतात, ती जुनी रीत आहे, छपाईची चूक नाही. रोमच्या कोलोसियममध्ये ४४ क्रमांकाच्या दारावरही एक्स-एलपुढे चार आय कोरलेले आहेत. उत्तरपत्रिकेत मात्र आय-व्हीच.

३९९९ च्या पुढे अक्षराच्या डोक्यावर आडवी रेघ लागते. रेघेखालची किंमत हजारपट होते.

हाताने लिहिताना आय नुसत्या उभ्या रेघेने काढला तर दोनाचे ११ होतात. वर आणि खाली छोटी आडवी रेघ द्या.