जुन्या वास्तूत कॅम्पस करायचाय? कामाला हात लावायच्या आधीची तयारी

पुण्यात गणेशखिंडीतली विद्यापीठाची मुख्य इमारत मुळात मुंबईच्या गव्हर्नरचा पावसाळ्यातला बंगला, बार्टल फ्रियरच्या काळात 1864 ला काम सुरू झालं आणि 1949 ला तिथं विद्यापीठ आलं. म्हणजे राहायच्या घराचं विद्यापीठ होऊ शकतं, पण तयारी नीट हवी.

सगळ्यात आधी एक अख्खा पावसाळा काढा. घाई नको. भर पावसात टॉर्च घेऊन प्रत्येक खोली फिरा, कुठली पन्हळ तुंबते, ओल छतातून येते की जमिनीतून वर चढते ते बघा आणि ओलीच्या कडेला खडूने रेघ मारून तारीख टाका, पुढच्या आठवड्यात रेघ ओलांडली की लगेच कळतं. भिंतीवर बोटाच्या पेराने टकटक करत जा, भरीव आवाज आला तर गिलावा धरून आहे, पोकळ आला तर सुटलाय.

मग चुना. यात तडजोड करू नका, कारण चुन्याच्या भिंतीवर सिमेंट मारलं की आतली ओल बाहेर पडू शकत नाही, क्षार वर येतात आणि दगडाचे पापुद्रे निघायला लागतात. चुना भिजवून मुरायला वेळ लागतो म्हणून तो काम सुरू व्हायच्या खूप आधी टाकीत पडलेला हवा, आणि चुन्यात हात बसलेला गवंडी आधी शोधा, कॉन्ट्रॅक्टर नंतर. आम्ही हे उलट केलं आणि एक अख्खी भिंत पुन्हा खरवडावी लागली, फार वाईट वाटलं.

लोडचा, म्हणजे मजल्यावर किती वजन चालेल याचा हिशोब इंजिनिअरकडून लेखी घ्या. आपल्या बांधकामाच्या कोडप्रमाणे, म्हणजे नियमावलीप्रमाणे, राहत्या खोलीला चौरस मीटरला साधारण 200 किलो धरतात, वर्गाला 300 आणि पुस्तकांच्या रॅकना 600, त्यामुळे लाकडी तुळयांच्या माडीवर लायब्ररी अजिबात नको, ती तळमजल्यावर. तुळया टोकाला, जिथं भिंतीत शिरतात तिथं, टोचून बघा, वाळवी आणि कूज तिथूनच सुरू होते.

टॉयलेट आणि लॅबचं पाणी जुन्या भिंतींपासून लांब, नव्या ब्लॉकमध्ये. वायरिंग भिंत न फोडता वरून. हेरिटेज परवानगी, फायर एनओसी, रॅम्प हे नकाशा पक्का व्हायच्या आधी.

आणि झाडं, विहिरी, जुनी फाटकं यांचीही फोटोसकट नोंद करा, एकदा जेसीबी आवारात शिरला की कुठं काय होतं ते कुणालाच सांगता येत नाही.