पावसाआधी लस टोचा, आणि गोठ्यातला व्हिडिओ नीट काढा

मृगाला आता पंधरा-वीस दिवस उरलेत. या दिवसांत आम्हा गुरांच्या दवाखान्यातल्या लोकांच्या फोनवर दोन तऱ्हेचे व्हिडिओ येतात. काही शेतकऱ्यांनी गोठ्यातून पाठवलेले, काही कुणीतरी कुठून तरी पुढे ढकललेले. पहिल्या प्रकारामुळे जनावरं वाचतात. दुसऱ्याचं काय होतं ते २०२२ मध्ये पाहिलं. ऑगस्टात रावेर तालुक्यातल्या चिनावलला लम्पी हा गुरांच्या कातडीवर गाठी आणणारा रोग आढळला आणि थोड्याच दिवसांत 'गाईचं दूध पिऊ नका' असले व्हिडिओ फिरायला लागले. लम्पी माणसाला होत नाही, दूध उकळून प्यायला हरकत नाही. पण हे सांगायला आम्ही दारोदार फिरत होतो आणि व्हिडिओ आमच्यापुढे धावत होता.

आधी लशीचं बघा. घटसर्प (यात गळा सुजून श्वास कोंडतो) आणि फऱ्या (यात मांडी सुजते) या रोगांची लस पाऊस सुरू व्हायच्या आधीच हवी, कारण टोचल्यावर अंगात ताकद यायला दोन-तीन आठवडे जातात. शेळ्या-मेंढ्यांना आंत्रविषाराची, म्हणजे आतड्यात विष तयार होणाऱ्या रोगाची, लस द्या. लाळ्या-खुरकूताची लस सरकारी मोहिमेत मोफत मिळते. लम्पीची लस कधी द्यायची आणि दोन लशींत किती अंतर ठेवायचं, ते तुमच्या दवाखान्यात विचारा. लस बर्फाच्या डब्यातूनच आली पाहिजे. खिशातून निघालेली बाटली टोचून घेऊ नका.

आता व्हिडिओ. गेल्या पावसाळ्यात एका पोराने आजारी म्हशीचा व्हिडिओ पाठवला. दीड मिनिट तो एकटाच बोलत होता, मागे मोटार चालू. गळ्याखाली सूज दिसत होती, पण मला हवा होता तो श्वासाचा आवाज. घटसर्पात जनावर घुरघुरतं, आणि तेच ऐकू येईना. फोन करून म्हटलं, "बाळा, तू जरा गप्प बस, म्हशीला बोलू दे." दुसरा व्हिडिओ पंधरा सेकंदांचाच होता, पण कामाचा. लगेच निघालो.

म्हणून मोटार बंद करा, जनावर उजेडात आणा. आधी बाजूने अख्खं जनावर घ्या, मग चार पावलं चालवून घ्या. लंगडतंय का, ते त्यातच कळतं. तरण्या वासराची मांडी सुजली असेल तर सूज हाताने दाबून दाखवा. फऱ्यात ती चरचर वाजते. शेवटी वय, चारा कधी सोडला, दूध किती घटलं, ताप किती आणि लस कधी टोचली एवढं बोला. कानातल्या बिल्ल्याचा बारा आकडी नंबर स्पष्ट दिसू द्या.

लाळ गळतेय म्हणून तोंड उघडून आत हात घालायचा नाही. पिसाळलेल्या जनावराचीही लाळ अशीच गळते. आणि श्वास लागला असेल तर आधी १९६२ या जनावरांच्या मदत क्रमांकाला फोन, व्हिडिओ नंतर. अचानक मेलेल्या जनावराच्या नाकातून किंवा गुदद्वारातून रक्त येत असेल तर जवळ जाऊन शूटिंग करत बसू नका. कातडं काढू नका, फाडू नका. तो फाशी (अँथ्रॅक्स) हा रोग असू शकतो आणि तो माणसालाही होतो. लांबूनच दवाखान्याला कळवा.

गावात व्हिडिओ दाखवायचा तर दूध संकलन केंद्रावर संध्याकाळी दाखवा, तिथे माणसं आपणहून येतात. पाच मिनिटांपेक्षा मोठा नको. आपल्याच गावातला गोठा, आपलीच बोली असेल तर लोक मान वर करून बघतात. मध्येच थांबवून विचारा, 'ही सूज कुठे आहे? तुम्ही काय केलं असतं?' नुसता लावून दिला तर लोक बघतात आणि किटली उचलून चालू लागतात.

एक गोष्ट मला फार उशिरा लक्षात आली. हे व्हिडिओ फिरतात त्या फोनवरच्या ग्रुपमध्ये नंबर असतो घरातल्या मुलाचा, आणि तो शहरात कामाला. धार काढते त्याची आई. गाय आज उदास आहे हे सर्वांत आधी तिलाच कळतं, पण व्हिडिओ तिच्यापर्यंत पोचतच नाही. या आठवड्यात तेवढं करा. तिच्याकडे साधा फोन असेल तर दवाखान्याचा आणि १९६२ चा नंबर त्यात भरून द्या. स्मार्टफोन असेल तर तिलाही ग्रुपमध्ये घ्या, आणि व्हिडिओ कसा काढायचा ते एकदा गोठ्यात उभं राहून दाखवा आणि एक तिच्याकडूनच काढून घ्या.