जळालेल्या दप्तराच्या पलीकडे: आयरिश पूर्वजांचा माग कसा काढावा

आयर्लंडमधील घराण्याचा शोध घ्यायला निघालेल्या माणसाला पहिल्याच दिवशी कोणीतरी ऐकवते की तिथली सगळी कागदपत्रे १९२२ मध्ये जळाली. हे अर्धेच खरे आहे. यादवी युद्धाच्या धुमश्चक्रीत ३० जून १९२२ रोजी डब्लिनच्या ‘फोर कोर्ट्‌स’ या न्यायालयीन संकुलात स्फोट झाला आणि तिथले सार्वजनिक अभिलेखागार भस्मसात झाले. १८२१ ते १८५१ या काळातील चार जनगणनांची बहुतेक पाने, तिथे जमा झालेल्या अँग्लिकन चर्चच्या शेकडो नोंदवह्या आणि मूळ मृत्युपत्रांचे जवळजवळ सगळे गठ्ठे त्या आगीत गेले. मात्र १८६१ आणि १८७१ च्या जनगणनेचे कागद सरकारनेच त्याआधी नष्ट केले होते, तर १८८१ आणि १८९१ चे कागद पहिल्या महायुद्धाच्या काळात लगद्यासाठी गेले. त्यांचे पाप आगीच्या माथी मारण्यात अर्थ नाही. उलट जन्म-मृत्यू-विवाहाच्या सरकारी नोंदी, कॅथलिक चर्चच्या वह्या आणि जमीन आकारणीचे दप्तर वेगळ्या ठिकाणी असल्यामुळे वाचले, आणि सर्वसामान्य शेतकरी-मजुराच्या घराण्याचा शोध मुख्यतः याच तीन आधारांवर उभा राहतो.

या सगळ्या कागदांबाबत एक गोष्ट आधीच लक्षात ठेवावी. यांतला एकही कागद वंशावळीसाठी लिहिलेला नाही. कोणाला कर वसूल करायचा होता, कोणाला पेन्शन द्यायची किंवा नाकारायची होती, कोणाला धर्मविधीचा हिशेब ठेवायचा होता. नोंद कोणी आणि कशासाठी केली हे कळले की ती कुठे खरे बोलते आणि कुठे हातचे राखते, हेही कळू लागते.

शोधाची खरी किल्ली माणसाच्या नावात नसून ‘टाउनलँड’ या शब्दात आहे. टाउनलँड म्हणजे शहर नव्हे. तो आयर्लंडमधील जमिनीचा सर्वांत लहान अधिकृत विभाग असून आपल्याकडचे महसुली गाव किंवा वाडी डोळ्यांसमोर आणली की त्याचा साधारण अंदाज येतो. असे ६०,००० हून अधिक टाउनलँड आहेत. अनेक टाउनलँड मिळून एक सिव्हिल पॅरिश, पॅरिशांच्या वर बॅरनी आणि तिच्या वर काउंटी अशी उतरंड आहे. घोळ होतो तो इथेच, कारण कॅथलिक चर्चची पॅरिश आणि महसुली कामासाठीची सिव्हिल पॅरिश यांच्या सीमा आणि पुष्कळदा नावेही जुळत नाहीत, तर जन्म-मृत्यूच्या नोंदी ज्या ‘पुअर लॉ युनियन’च्या, म्हणजे गरिबांच्या मदतीसाठी आखलेल्या विभागाच्या, हद्दीनुसार ठेवल्या जात ती युनियन काउंटीची सीमाही सहज ओलांडते. बॅलीबेग म्हणजे लहान गाव आणि किलमोर म्हणजे मोठे चर्च. अशी नावे आयर्लंडभर ठिकठिकाणी सापडतात, त्यामुळे काउंटी आणि पॅरिश सोबत लिहिल्याशिवाय टाउनलँडचे नाव वहीत उतरवू नये. जुन्या कागदांत ‘किंग्ज काउंटी’ दिसली तर ती आजची ऑफाली, ‘क्वीन्स काउंटी’ दिसली तर लीश, आणि बोटीच्या यादीत ‘क्वीन्सटाउन’ दिसले तर कॉर्कजवळचे कोव्ह बंदर समजावे.

टाउनलँडचे नाव मात्र बहुधा आयर्लंडबाहेरच सापडते. पूर्वज अमेरिकेत गेला असेल तर तिथल्या जनगणनेत जन्मस्थान म्हणून केवळ ‘आयर्लंड’ एवढेच असते. म्हणून थडग्यावरील मजकूर, वृत्तपत्रातील निधनवार्ता, चर्चमधील लग्नाची नोंद, नागरिकत्वाचे कागद असे सगळे धुंडाळावे. न्यूयॉर्कच्या ‘एमिग्रंट सेव्हिंग्ज बँके’ने खातेदाराची ओळख पटवण्यासाठी त्याचे मूळ गाव, आईवडील आणि भावंडे यांची माहिती लिहून घेतली होती, आणि ‘बॉस्टन पायलट’ या वृत्तपत्रात १८३१ ते १९२१ या काळात हरवलेल्या आप्तांना शोधणाऱ्या ज्या जाहिराती छापल्या जात, त्यांत अनेकदा पॅरिशपर्यंतचा पत्ता मिळतो. ऑस्ट्रेलियातील मृत्यूचे दाखले याबाबत फारच उदार आहेत. त्यांत पुष्कळदा आईवडिलांची नावेही असतात. आयर्लंडमधील मृत्यूच्या नोंदीत ती नसतात, ही खंत प्रत्येक शोधकाला कधी ना कधी होतेच. पूर्वजाबद्दल काही हाती लागले नाही तर त्याच्या भावाबहिणींचे कागद पाहावेत. गावाचे नाव सरळ वंशरेषेवरच सापडेल असे नसते.

आयर्लंडमध्ये शिरताना सर्वांत सोपे दार १९०१ आणि १९११ च्या जनगणनेचे आहे. या दोन्ही जनगणनांचे घरोघरचे मूळ तक्ते शाबूत असून राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतात. १९११ चा एक तक्ता नीट वाचून पाहावा. नाव, कुटुंबप्रमुखाशी नाते, धर्म, लिहिता-वाचता येते का, वय, व्यवसाय, जन्माची काउंटी, आयरिश भाषा येते का, हे रकाने दोन्ही वर्षी आहेत; पण १९११ मध्ये विवाहित स्त्रीसमोर तीन आकडे अधिक असतात: लग्नाला किती वर्षे झाली, एकूण किती मुले जिवंत जन्मली आणि आज किती हयात आहेत. अकरा आणि सात असे आकडे एका ओळीत दिसले की ज्यांची नावे १९११ च्या जनगणनेत येणार नाहीत अशी चार मुले जन्म-मृत्यूच्या नोंदींत शोधायची आहेत, हे कळते. तक्त्यावरील सही कुटुंबप्रमुखाची असते, किंवा त्याने केलेली निशाणी. पणजोबांचे हस्ताक्षर पाहण्याची ही बहुधा एकमेव संधी असते. घराच्या तक्त्याबरोबर घराचे छप्पर, खोल्या आणि समोरच्या खिडक्या यांची माहिती देणारा दुसरा तक्ताही उघडावा. तो न पाहताच लोक पुढे जातात.

वयाच्या रकान्यावर मात्र विश्वास ठेवू नये. १९०१ मध्ये अठ्ठावन्न वर्षांचा असलेला माणूस १९११ मध्ये खुशाल बहात्तर वर्षांचा होतो, आणि यामागे गणनेची चूक नसून पेन्शन असते. १९०८ च्या कायद्याने सत्तरी ओलांडलेल्यांना जानेवारी १९०९ पासून पेन्शन सुरू झाली, पण सर्वांच्या जन्मांची सरकारी नोंद १८६४ मध्ये सुरू झाल्यामुळे या म्हाताऱ्या माणसांजवळ जन्माचा दाखला नव्हता. तेव्हा अर्जदाराने आपल्या आईवडिलांची नावे आणि लहानपणीचे टाउनलँड सांगायचे आणि डब्लिनच्या कारकुनाने १८४१ किंवा १८५१ च्या जनगणनेत ते कुटुंब शोधायचे, अशी पद्धत पडली. पुढे त्या जनगणना जळाल्या, पण शोधाचे हे अर्ज वाचले. काही अर्जांवर ‘सापडले नाही’ एवढाच शेरा असतो, तर काहींवर कारकुनाने १८४५ नंतरच्या मोठ्या दुष्काळाच्या आसपासचे सबंध कुटुंब, नावे आणि वयांसकट, उतरवून ठेवलेले असते. माझ्या मते आयरिश दप्तरातील हा सर्वांत मोलाचा आणि सर्वांत कमी पाहिला जाणारा ठेवा आहे. अर्ज भरणारा तुमचा पणजोबा नसला, तरी मागे राहिलेला त्याचा धाकटा भाऊ असू शकतो.

जन्म, विवाह आणि मृत्यू यांची सर्वांसाठी सरकारी नोंद १ जानेवारी १८६४ रोजी सुरू झाली. कॅथलिकेतर विवाहांची नोंद त्याआधी, १ एप्रिल १८४५ पासून होत होती. शंभर वर्षांपूर्वीचे जन्म, पंचाहत्तर वर्षांपूर्वीचे विवाह आणि पन्नास वर्षांपूर्वीचे मृत्यू ‘आयरिश जिनिऑलॉजी’ या सरकारी संकेतस्थळावर मूळ पानांच्या छायाचित्रांसह मोफत पाहता येतात. मात्र अगदी सुरुवातीच्या काही वर्षांची सर्वच पाने तिथे असतील असे धरून चालू नये. जन्माच्या नोंदीत आईचे माहेरचे आडनाव असते आणि विवाहाच्या नोंदीत वधू-वरांच्या वडिलांची नावे, त्यामुळे जन्मावरून विवाहाकडे आणि विवाहावरून आधीच्या पिढीच्या जन्माकडे असे पायरीपायरीने मागे जावे. लग्न बहुधा वधूच्या पॅरिशमध्ये होत असे, तेव्हा वराच्या गावी नोंद सापडली नाही म्हणून निराश होऊ नये. एखाद्या मुलाचा बाप्तिस्मा त्याच्या जन्माच्या आठवडाभर आधी झालेला दिसला तरी दचकू नये. उशिरा नोंदवल्याबद्दल दंड होत असे आणि तो चुकवण्यासाठी आईबाप जन्मतारीखच पुढे ढकलून सांगत. अशा वेळी चर्चची तारीख खरी मानावी.

१८६४ च्या मागे जायचे तर कॅथलिक कुटुंबांसाठी चर्चच्या वह्या हाच आधार. सुमारे १८८० पर्यंतच्या या वह्यांची सूक्ष्मपटावरील (मायक्रोफिल्मवरील) छायाचित्रे राष्ट्रीय ग्रंथालयाने २०१५ मध्ये सर्वांसाठी खुली केली. पूर्वेकडील काही शहरी वह्या अठराव्या शतकात सुरू होतात. पश्चिमेकडील गरीब पॅरिशमध्ये १८२० ते १८५० च्या दरम्यान कधीतरी, आणि त्यापूर्वीचे काही मिळेल अशी आशा बाळगू नये. भाषा लॅटिन किंवा इंग्रजी असते. घरात आयरिश बोलणाऱ्या माणसांच्या वह्यांत आयरिश जवळजवळ नसतेच. लॅटिनला मात्र मराठी वाचकाने बिचकण्याचे कारण नाही, कारण तिथेही विभक्ती आहेत. ‘बाप्तिझावी याकोबुम, फिलियुम लेजितिमुम पात्रिकी सलिव्हन एत ओनोरे मर्फी’ अशी एखादी ओळ असेल, तर ‘याकोबुम’ ही ‘याकोबुस’ची द्वितीया आणि ‘पात्रिकी’ ही ‘पात्रिकियुस’ची षष्ठी, म्हणजे पॅट्रिक सलिव्हन आणि ऑनोरा मर्फी यांच्या औरस मुलाला, जेम्सला, बाप्तिस्मा दिला. याकोबुस म्हणजे जेम्स, योआनेस म्हणजे जॉन, गुलिएल्मुस म्हणजे विल्यम, कारोलुस म्हणजे चार्ल्स, एवढी शिदोरी पुरते. ओळीच्या शेवटी येणारी धर्ममात्या-पित्यांची नावे कधीही गाळू नयेत; ती माणसे पुष्कळदा मुलाची मावशी, काका किंवा शेजारी असतात.

जमिनीच्या कागदांत सर्वांत महत्त्वाचे ते रिचर्ड ग्रिफिथ यांच्या देखरेखीखाली झालेले मूल्यांकन. १८४७ ते १८६४ या काळात काउंटीवार छापले गेलेले हे दप्तर कर आकारण्यासाठी केले होते, म्हणून त्यात कुटुंबप्रमुखाचेच नाव आहे. बायको-मुलांचा त्यात पत्ता नाही. प्रत्येक ओळीत कुळाचे नाव, ज्याच्याकडून जमीन घेतली त्याचे नाव, क्षेत्र, आकारणीची रक्कम आणि नकाशावरचा क्रमांक असतो. एकाच टाउनलँडमध्ये तीन जॉन मर्फी असतील तर पुढे कंसात बापाचे नाव किंवा टोपणनाव दिलेले दिसते, आणि त्या कंसामुळे एक पिढी फुकट मिळते. नकाशा शेजारी ठेवून क्रमांक जुळवला की आज तिथे शेत आहे की पडके जोते, हेही ठरवता येते. या मूल्यांकनाच्या पुढच्या दुरुस्त्यांच्या वह्या म्हणजे आपल्याकडचे फेरफारच समजावेत: जुने नाव खोडून वेगळ्या रंगाच्या शाईने नवे नाव आणि बाजूला वर्ष. मृत्यू किंवा स्थलांतर झाल्यावर एक-दोन वर्षांत हा बदल होई, त्यामुळे मृत्यूची नोंद कुठल्या वर्षांत शोधायची हे कळते. त्याहून जुन्या १८२३ ते १८३७ च्या दशांश कराच्या वह्यांत शेतजमीन कसणाऱ्यांचीच नावे असल्यामुळे शहरी माणूस आणि भूमिहीन मजूर तिथे सापडत नाहीत.

आडनावाबाबत हट्ट धरू नये. ‘ओ’ आणि ‘मॅक’ हे उपसर्ग एकोणिसाव्या शतकात गळून पडले आणि राष्ट्रवादाच्या लाटेत पुन्हा चिकटले, त्यामुळे सलिव्हन आणि ओ’सलिव्हन एकाच घरात नांदतात. ‘मॅक गावन’ या लोहाराच्या आडनावाचे कुठे मॅकगोवन झाले, कुठे सरळ भाषांतर होऊन स्मिथ. दक्षिणेकडील मन्स्टर प्रांतातला डर्मट इंग्रजी कागदांत जेरेमाया होतो. पण हात सैल सोडण्याचा धोकाही आहे. १ जानेवारी १८९२ रोजी न्यूयॉर्कच्या एलिस आयलंडवर पहिले पाऊल ठेवणारी कॉर्कची ॲनी मूर टेक्सासला गेली आणि तिथे मरण पावली असे कित्येक वर्षे मानले जात होते. २००६ मध्ये कागद तपासले तेव्हा टेक्सासची ॲनी मूर इलिनॉयमध्ये जन्मलेली निघाली, आणि कॉर्कची ॲनी आयुष्यभर न्यूयॉर्कमध्येच राहिली होती. नाव आणि वय एवढेच जुळत असेल तर ते काहीच जुळत नाही असे समजावे. नाते, गाव आणि साक्षीदार यांपैकी आणखी एक दुवा मिळेपर्यंत वंशवृक्षात नाव चढवू नये.

अँट्रिम, आर्मा, डाउन, फर्मॅना, लंडनडेरी आणि टिरोन या आजच्या उत्तर आयर्लंडमधील सहा काउंटींसाठी बेलफास्टच्या सार्वजनिक अभिलेखागाराकडे वळावे. १८५८ नंतरच्या मृत्युपत्रांच्या सूची आणि मूल्यांकनाच्या दुरुस्त्यांच्या वह्या त्यांच्या संकेतस्थळावर विनामूल्य आहेत. तिथल्या जन्म-मृत्यूच्या सरकारी नोंदींना मात्र पैसे मोजावे लागतात. जळालेल्या दप्तराच्या इतरत्र उरलेल्या नकला गोळा करण्याचे काम डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या पुढाकाराने चालू असून २०२२ मध्ये खुला झालेला त्यांचा आभासी खजिना अधूनमधून पुन्हा पाहत जावा, कारण त्यात भर पडत असते.

आयर्लंडचे माजी पंतप्रधान लिओ वराडकर यांच्या घराप्रमाणे ज्या कुटुंबाची एक वाट मालवणजवळच्या वराड गावी आणि दुसरी वॉटरफर्डमधील डंगार्वनला जाते, तिथे वरील पद्धत जशीच्या तशी चालते. पण महाराष्ट्रातून आयर्लंडकडे जाणारी एक जुनी वाटही आहे, ती लष्कराची. ईस्ट इंडिया कंपनीने आयर्लंडमध्ये मोठ्या प्रमाणावर भरती केली, आणि कंपनीच्या मुंबई फौजेतली युरोपीय पलटण पुढे १०३ वी रॉयल बॉम्बे फ्युजिलिअर्स होऊन १८८१ मध्ये रॉयल डब्लिन फ्युजिलिअर्समध्ये विलीन झाली. अशा शिपायाचे पुणे, खडकी किंवा मुंबईत लग्न झाले असेल, मुलांचे बाप्तिस्मे झाले असतील, तर त्यांच्या प्रती लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतील इंडिया ऑफिस दप्तरात मुंबई इलाख्याच्या ‘एन ३’ या मालिकेत शोधाव्यात. तिथून पलटणीचे नाव मिळाले आणि ती कंपनीची नसून ब्रिटिश सरकारी सैन्याची निघाली, तर ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारातील निवृत्त शिपायांच्या सेवामुक्तीच्या कागदांकडे जावे. त्यांतल्या छापील ओळीत शिपाई कोणत्या पॅरिशमध्ये, कोणत्या शहराच्या आसपास आणि कोणत्या काउंटीत जन्मला हे हाताने भरलेले असते. कारकुनाने ते नाव कानावर पडेल तसे लिहिलेले असल्यामुळे ते मोठ्याने वाचून पाहावे, आणि मग त्या पॅरिशमधील टाउनलँडची यादी समोर घेऊन बसावे.